पात पिवळी पडेपर्यंत

तुमच्यापैकी जी मंडळी सध्या इंग्लंडात आहेत त्यांना एक विनंती. मार्च संपत आला की घरातली ती छोट्या पिवळ्या डॅफोडिलची कुंडी मान टाकते. ती कचऱ्यात फेकू नका. पुढचं नाही वाचलंत तरी चालेल, पण एवढं ऐका.

ज्यांना कारण हवंय त्यांच्यासाठी पुढचं. (शनिवार आहे, बाहेर पाऊस आहे आणि कपडे मशीनमध्ये आहेत, म्हणजे मला वेळ आहे. तुम्हालाही असेल असं धरून चालते.)

जानेवारीपासून इथल्या प्रत्येक सुपरमार्केटच्या दाराशी या कुंड्या दिसायला लागतात. तळहातावर मावेल एवढी प्लॅस्टिकची कुंडी, त्यात खांद्याला खांदा लावून बसवलेले चार-पाच कांदे, वर हिरवे कोंब आणि मिटलेल्या कळ्या. किंमत दोनेक पौंड, म्हणजे स्टेशनवरच्या कॉफीपेक्षा कमी. चार वाजता अंधार पडण्याच्या त्या दिवसांत कुणीही भुलेल. घरी आणायची, खिडकीत ठेवायची, फोटो काढून पुण्याला पाठवायचा. हीटर चालू असलेल्या खोलीत फुलं आठ-दहा दिवस टिकतात. मग ती कागदासारखी होतात, पानं आडवी पडतात आणि कुंडी जाते कचऱ्याच्या पेटीत. आमच्या बिल्डिंगच्या पेट्यांमध्ये मार्चअखेर अशा डझनावारी कुंड्या असतात.

फुलांचा गुच्छ असता तर मी काहीच म्हटलं नसतं. गुच्छ आणतो तेव्हाच तो कापलेला असतो. ही कुंडी मात्र जिवंत असते. नुसती जिवंत नाही, तर पुढच्या वर्षीच्या तयारीला नुकतीच लागलेली असते, आणि नेमकी तेव्हाच आपण तिला फेकतो. फुलाची वॉरंटी संपली म्हणून अख्खं मशीन भंगारात काढण्यातला प्रकार आहे हा.

एक खुलासा. मी या लेखात बल्ब न म्हणता कांदाच म्हणणार आहे. एक तर बल्ब म्हटलं की आपल्याला आधी दिवा आठवतो. दुसरं म्हणजे हा शब्द उपमा म्हणून वापरत नाहीये. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या २००९ च्या वर्गीकरणापासून आपला कांदा-लसूण आणि डॅफोडिल हे एकाच कुळात येतात, अ‍ॅमरिलिडेसी नावाच्या. म्हणजे लांबचे का होईना, पण नातेवाईक. पुढे हे नातं कामाला येणार आहे.

त्या छोट्या कुंडीत बहुतेक वेळा जी जात असते तिचं नाव 'तेत-आ-तेत'. फ्रेंचमध्ये याचा अर्थ डोक्याला डोकं लावून, म्हणजे गुजगोष्टी करत असलेले दोघं. एका देठावर एक ते तीन फुलं येतात, दोन आली की खरोखरच ती एकमेकांशी काहीतरी कुजबुजत असल्यासारखी दिसतात. उंची जेमतेम वीतभर. ही जात जन्माला आली कॉर्नवॉलमध्ये, कॅम्बोर्न गावाजवळ अ‍ॅलेक ग्रे नावाच्या माणसाकडे. हा माणूस खरं तर लवकर फुलणाऱ्या डॅफोडिलच्या शोधात होता, कारण फुलबाजारात जो आधी पोचतो त्याला भाव मिळतो. त्यासाठी रानटी जाती जमवता जमवता तो बुटक्या फुलांच्या नादाला लागला. आपल्या भाषेत सांगायचं तर साइड प्रोजेक्ट. मेन प्रोजेक्टचं काय झालं ते आज फारसं कुणाला आठवत नाही. साइड प्रोजेक्ट मात्र जगभर चालतोय.

त्याच्याकडे 'सायक्लाटाझ' नावाची एक जुनी संकरित जात होती. तिच्या एकाच बोंडातल्या बियांमधून तीन रोपं नावारूपाला आली: तेत-आ-तेत, जंबली आणि क्विन्स. तेत-आ-तेतची नोंदणी झाली १९४९ मध्ये. तिच्या पूर्वजांपैकी एक 'सायक्लामिनियस' नावाचा रानटी डॅफोडिल, ज्याच्या पाकळ्या घाबरलेल्या सशाच्या कानांसारख्या मागे वळलेल्या असतात. त्याचं जुनं चित्र उपलब्ध होतं, पण एकोणिसाव्या शतकातले विल्यम हर्बर्टसारखे जाणकार म्हणायचे की असलं फूल असूच शकत नाही, चित्रकाराची कल्पना आहे. मग १८८५ च्या सुमाराला ते पोर्तुगालात पोर्तोच्या आसपास पुन्हा सापडलं. जे अस्तित्वातच नाही असं सांगितलं गेलं, त्याचं नातवंड आज सुपरमार्केटच्या दारात दोन पौंडांना मिळतं. मला ही गोष्ट फार आवडते.

आणखी एक. डॅफोडिलची जात बियांपासून पुढे चालवता येत नाही, बी लावलं तर वेगळंच काहीतरी उगवतं. जात टिकवायची तर कांद्याला फुटलेली पिल्लं वेगळी करायची, किंवा कांदा चिरून दोन-दोन पापुद्र्यांचे तुकडे करायचे आणि प्रत्येकाला खालच्या चकतीचा थोडा भाग ठेवून ते रुजवायचे. याचा अर्थ असा की जगातला प्रत्येक तेत-आ-तेत हा कॅम्बोर्नच्या त्या एका रोपाचाच तुकडा आहे. माझ्या बाल्कनीतलाही. अक्षरशः क्लोन, मास्टर ब्रँचवरून.

क्लोनचा तोटाही आपल्या लोकांना सांगायला नको: एकात बग तर सगळ्यांत बग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सूत्रकृमींनी इथली डॅफोडिलची शेती बुडवत आणली होती. तेव्हा विस्लीच्या बागेत जेम्स रॅम्सबॉटम नावाच्या तरुणाने १९१६-१७ च्या सुमारास उपाय काढला, कांदे गरम पाण्यात बुडवून ठेवायचे. साधारण ४३-४४ अंश, तीनेक तास. कृमी मरतात, कांदा जगतो. आजही व्यापारी शेतीत हेच करतात. शंभर वर्षं टिकलेला पॅच! असो, विषय भरकटला.

आता छोटाच का? आपल्याला डॅफोडिल भेटतात ते शाळेच्या इंग्रजीच्या पुस्तकात, वर्ड्सवर्थमुळे. पुण्यात मार्चच्या उन्हात परीक्षेसाठी पाठ केलेलं हे फूल आमच्या वर्गात बाईंसकट कुणीही पाहिलेलं नव्हतं. कॅरिबियन बेटांवरच्या मुलांचंही हेच झालं. अँटिग्वात वाढलेल्या जमैका किंकेड यांच्या 'ल्युसी' (१९९०) या कादंबरीतल्या मुलीला तर या पाठांतरामुळे डॅफोडिलचा भयंकर राग येतो. मला तेवढा राग नव्हता, पण मनातलं चित्र मात्र चुकीचं होतं. मला वाटायचं हे सूर्यफुलासारखं दांडगं फूल असणार. प्रत्यक्षात १५ एप्रिल १८०२ ला वर्ड्सवर्थ आणि त्याची बहीण डोरोथी यांनी अल्सवॉटर तळ्याकाठी जे पाहिले ते रानटी डॅफोडिल. फिकट पाकळ्या, मध्ये गडद पिवळा कर्णा आणि उंची गुडघ्याच्याही खाली. रस्त्यांच्या चौकाचौकांत दिसणारे ते भलेमोठे पिवळेजर्द डॅफोडिल ही नंतरच्या संकरांची करामत. म्हणजे छोटा डॅफोडिल ही मोठ्याची खेळण्यातली आवृत्ती नव्हे. उलट मूळ मापाच्या जवळचा तोच आहे.

आणि भाड्याच्या फ्लॅटसाठी तर तोच योग्य. आम्ही रेडिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाल्कनी म्हणजे दोन खुर्च्या ठेवल्या की दार उघडत नाही. मार्चमधलं वारं असं की वाळत टाकलेला टॉवेल खालच्यांच्या बाल्कनीत सापडतो. अशा ठिकाणी उंच डॅफोडिल पहिल्याच वादळात कमरेत मोडतो. वीतभराचा मात्र नुसती मान हलवत उभा राहतो. शिवाय त्याची पानंही छोटी असतात, आणि हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. का, ते सांगते.

लावायचं काम अगदी सोपं आहे. सप्टेंबरमध्ये दुकानांत जाळीच्या पिशव्यांतून कोरडे कांदे येतात. दाबून बघायचे, मऊ असेल तो नको. खाली भोक असलेली कुंडी, बागेची तयार माती, त्यात मूठ-दोन मूठ बारीक खडी. कांद्याच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल, टोक वर, दोन कांद्यांमध्ये एका कांद्याएवढी जागा. एकदा पाणी घालायचं आणि कुंडी बाहेर ठेवायची. बाहेर म्हणजे बाहेरच, थंडीत कीव येऊन आत आणायची नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात मुळं फुटतात, पण वर काहीही दिसत नाही. दिवाळी जाते, ख्रिसमस जातो, कुंडीत नुसती काळी माती. प्रोग्रेस बार नाही, लॉग नाही, काही नाही. जानेवारीत कधीतरी कोंबांची टोकं दिसतात.

हा मधला काळ वाया गेलेला नसतो. डॅफोडिलच्या कांद्याला साधारण १२ ते १५ आठवडे ९ अंशांच्या खालची थंडी लागते, त्याशिवाय देठ नीट वर येत नाही. म्हणूनच "पुण्यात लावता येईल का गं?" या आईच्या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. लोक फ्रीजमध्ये तीन-साडेतीन महिने ठेवून कांद्याला फसवतात. जमतं ते (फक्त शेजारी सफरचंद ठेवू नका, फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते). पण त्या एका फुलण्यानंतर पुण्याचा एप्रिल-मे येतो आणि कांद्याचं काही खरं राहत नाही. म्हणजे परत वापरा आणि फेका. वर इथून बॅगेत भरून न्यायचे तर प्लांट क्वारंटाइनचे नियम आहेत, ते वेगळेच. त्यापेक्षा आपल्याकडे निशिगंध आहे, पावसाची पहिली सर आली की उमलणारी रेन लिली आहे, आणि आईच्या गॅलरीतली फुटबॉल लिली आहे. ती तर हिवाळाभर गायब असते. नुसती मातीची कुंडी. कामवाल्या मावशी दरवर्षी विचारतात, ही रिकामी कुंडी उचलू का, आणि आई दरवर्षी ओरडते, "रिकामी नाहीये ती!" मे महिन्यात तिथून लाल चेंडू वर येतो.

इथल्या डॅफोडिलच्या बाबतीत असं ओरडणारं कुणी नसतं, हीच अडचण आहे.

आता पानांचा मुद्दा. फूल वाळलं की आपल्या लेखी खेळ संपतो. कांद्याच्या लेखी तेव्हा सुरू होतो. फुलण्यात त्याने साठवलेलं बरंचसं खर्च केलेलं असतं. ते भरून काढायला त्याच्याकडे एकच साधन, ही हिरवी पानं. पुढचे किमान सहा आठवडे ती ऊन खाऊन खालचा कांदा पुन्हा भरतात. पुढच्या वसंतातली कळी त्याच उन्हाळ्यात कांद्याच्या पोटात तयार होते. तुम्ही जे फूल मार्चमध्ये पाहता ते आदल्या मे-जूनमध्ये ठरलेलं असतं. पानं लवकर कापली की पुढच्या वर्षी नुसती पानं येतात, फूल नाही. इथले माळी अशा कांद्याला आंधळा म्हणतात.

मग करायचं काय? वाळलेलं फूल तेवढं खुडायचं. पानं तशीच ठेवायची. पाणी चालू ठेवायचं, दहा-पंधरा दिवसांनी टोमॅटोला घालतात ते पातळ खत द्यायचं. बस. काही लोकांना पसरलेली पानं बघवत नाहीत, मग ते त्यांची वेणी घालतात किंवा गाठ मारून रबरबँड लावतात. जुन्या बागांमधून ही पद्धत होती. पण गाठ मारलेल्या पानाला ऊन कुठून मिळणार? रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीसुद्धा असं करू नका म्हणून सांगते. कापू नका, बांधू नका, सहा आठवडे कळ काढा.

हे मी फोनवर माझ्या मोठ्या मामाला सांगत होते. त्याची निफाडजवळ कांद्याची शेती. मला वाटलं आपण काहीतरी नवीन सांगतोय. तो म्हणाला, "मग? माना पडल्याशिवाय कांद्याला हात लावायचाच नसतो. पात खालीच उतरते ना सगळी." उन्हाळ कांदा काढायची खूण म्हणजे निम्म्या पाती मानेत मोडून पडल्या पाहिजेत. काढल्यावरही पातीसकट काही दिवस शेतात सुकवायचा, मग पात कापायची, मग चाळीत भरायचा, जिथे चहूबाजूंनी वारा खेळतो. त्याने विचारलं, "तुमच्याकडे चाळ कशाची करतात?" मी म्हटलं, कांद्याची जाळीची पिशवी, बाथरूमच्या बाहेरच्या खिळ्याला. तो बराच वेळ हसत होता.

पण त्याने एका वाक्यात जे सांगितलं तेच इथे माणसांना पटवताना माझी दमछाक होते. कारण हे सहा आठवडे दिसायला वाईट असतात. हिरवं पान पोपटी होतं, मग पिवळं, मग तपकिरी दोऱ्यासारखं. मागच्या वर्षी मे महिन्यात आमच्या घराची तिमाही तपासणी झाली. घरमालकाच्या एजंटकडून फोटोसकट अहवाल आला: बाल्कनीत मेलेली झाडं, सात दिवसांत काढावीत. मी सविस्तर ईमेल लिहिलं की ही मेलेली नाहीत, जूनच्या मध्यापर्यंत आपोआप दिसेनाशी होतील. एका ओळीचं उत्तर आलं, नियमानुसार बाल्कनी नीटनेटकी असावी. शेवटी आमच्या टीममधल्या एका साठीच्या बाईंनी माझ्या चार कुंड्या आपल्या गाडीत घालून नेल्या आणि पाच आठवडे स्वतःच्या बागेत, शेडच्या मागे ठेवल्या. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. उलट त्यांनीच मला विचारलं, खत कुठलं घालतेस.

माझा राग त्या एजंटवर नाही. त्याच्या फॉर्ममध्ये दोनच रकाने असणार, जिवंत आणि मेलेलं. तयारीत असलेलं असा रकाना नाही. गंमत म्हणजे इथे रस्त्याच्या कडेला जिथे गवतात डॅफोडिल असतात तिथे बऱ्याच नगरपालिका पानं वाळेपर्यंत गवत कापणं लांबवतात. म्हणजे सरकारी खात्याला जे कळतं ते भाड्याच्या घराच्या करारात बसत नाही. छोट्या जातीचा फायदा इथे. वीतभर पानं एका मोठ्या कुंडीच्या आड किंवा खुर्चीमागे लपतात. मोठ्या डॅफोडिलची हातभर पानं लपवायला मोठी बागच लागते.

आता तो प्रश्न, जो या विषयावर बोलायला लागलं की आपलीच मंडळी हमखास विचारतात: "कशाला एवढं? कायमचं कुठे राहायचंय इथे?"

हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय! चार-चार वर्षं झालेली असतात, आणि टीव्ही अजून खोक्यावर असतो. भिंतीवर खिळा नाही, खिडकीत तुळस नाही. प्रोजेक्ट कधी संपेल, व्हिसाचं काय होईल, मॅनेजर कधी परत बोलावेल, काही ठरलेलं नसतं, आणि काहीच ठरलेलं नाही म्हणून काहीच लावायचं नाही. मला हे समजतं. सप्टेंबरमध्ये मार्चचं फूल लावायचं म्हणजे मार्चमध्ये आपण इथे असू असं गृहीत धरणं, आणि ते धरायची आपली तयारी नसते. न जाणो, दृष्ट लागायची.

पण मला वाटतं या लोकांनी झाडांची नीट माहितीच घेतलेली नाही. ज्याचा मुक्काम पक्का नाही त्याच्यासाठी कांद्याइतकं सोयीचं झाड दुसरं नाही. गुलाब घेऊन घर बदलून बघा. मनी प्लांट विमानात घेऊन बघा. कांदा जूनमध्ये पानं टाकतो आणि झोपी जातो. माती झाडून काढला की वजन मोबाइलपेक्षा कमी. जून ते सप्टेंबर त्याला पाणी नको, ऊन नको, कुंडी नको, फक्त कोरडी हवेशीर जागा. मी या तीन वर्षांत दोन घरं बदलली. दोन्ही वेळा माझी अख्खी बाग हँडबॅगच्या पुढच्या कप्प्यात होती. दहा कांद्यांनी सुरुवात केली होती. आता मोठे सतरा आहेत, त्यातले काही लेकुरवाळे, आणि एक वाटीभर पिल्लं आहेत ज्यांना फुलायला दोनेक वर्षं जातील.

आणि समजा मार्चमध्ये इथे नसलातच, तरी फूल यायचं थांबत नाही. आमच्या टीममधल्या एकाने माझ्या नादाने ऑक्टोबरात दोन कुंड्या लावल्या. नोव्हेंबरात क्लायंटने प्रोजेक्ट आवरला, डिसेंबरात तो कोथरूडला. जाताना कुंड्या माझ्याकडे दिल्या, तेव्हा त्यांत माती सोडून काही दिसत नव्हतं. तोंड पाडून म्हणाला, "बघ, म्हणूनच मी काही लावत नाही." मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही कुंड्या भरून फुलल्या. मी फोटो पाठवला. अर्ध्या तासाने त्याचं उत्तर आलं: "पाणी जास्त घालतेयस. डावीकडची पानं बघ." मग एप्रिलभर दर रविवारी विचारणा, पानं कापली नाहीस ना. जूनमध्ये मी ते कांदे काढले, मोजून त्याला आकडा कळवला, आणि त्याच्या सांगण्यावरून त्यातले निम्मे हैदराबादहून नुकत्याच आलेल्या एका मुलाला दिले. तोही "सहा महिन्यांसाठीच आलोय" म्हणत होता.

बाकी आक्षेप खरे आहेत, ते मान्य. दुकानातल्या कुंडीतले कांदे घाईने फुलवलेले असतात: आधी शीतगृहात थंडी, मग काचघरात ऊब. ते दमलेले असतात, पुढच्या वर्षी फुलतीलच असं नाही. एक वर्ष दम द्यावा लागतो. दोन पौंडांत दरवर्षी नवीन कुंडी येते हेही खरं. पैशांचा हिशोब केला तर मी हरते. पण दोन पौंडांत येते म्हणून ती दोन पौंडांचीच आहे हे मला पटत नाही. स्वस्त असणं आणि टाकाऊ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जाती निवडताना सुरुवात तेत-आ-तेतनेच करा, ती सहसा दगा देत नाही. एप्रिलपर्यंत फुलं हवी असतील तर न्यूझीलंडमधली 'हवेरा', फिकट लिंबू रंगाची नाजूक झुंबरं. केशरी कर्णा हवा असेल तर 'जेटफायर'. 'फेब्रुवारी गोल्ड' जरा उंच असते, पण घ्या हवी तर, फक्त नावावर जाऊ नका. नावातच रिलीज डेट आहे आणि ती बहुतेक वेळा मार्चवर ढकलली जाते. :-)

आणि शेवटी एक गोष्ट, जी मराठी घरात सांगायलाच हवी. हे कांदे विषारी असतात. त्यांत लायकोरिन नावाचं द्रव्य असतं, पोटात गेलं तर उलट्या होतात. सोललेला डॅफोडिलचा कांदा आणि आपला छोटा कांदा स्वयंपाकघराच्या उजेडात पटकन ओळखू येत नाही, आणि कळ्या न आलेली पात ही कांद्याच्या पातीसारखीच दिसते. २०१५ मध्ये तर इथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याने सुपरमार्केटना कळवलं होतं की डॅफोडिल भाज्यांजवळ ठेवू नका. तेव्हा उन्हाळ्यात काढलेले कांदे किचनच्या टोपलीच्या आसपासही नकोत. पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहा. सासूबाई किंवा आई रहायला येणार असतील तर आल्या दिवशीच दाखवून ठेवा. कांदे हाताळल्यावर हात धुवा, चिकाने काहींना खाज येते.

या वर्षीचे माझे कांदे जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात निघतील, पात पूर्ण पिवळी पडली की. पाच-सहा जास्तीचे असतील. रेडिंगच्या आसपास कुणाला हवे असतील तर कळवा, कागदी पिशवी मात्र आपली आपण आणायची.